मामांचा उघडा राउटर

आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. माझ्या बायकोचा बसला नाही. डॉक्टरांना सांगायला गेलो, तर त्यांनी मला मध्येच थांबवून माझं ब्लडप्रेशर तपासलं. पण नेट सकाळपासून गेलंय, लाइनवाला 'निघालोच' म्हणाला म्हणजे अजून अंथरुणातच असणार, आणि तुम्ही सगळे त्या बंद पडद्यांकडे, आतून कोणी हाक मारेल अशा आशेनं बघत बसलाय. काम नाहीच, तर गोष्ट ऐका. याच ऑफिसातली आहे, तुम्ही इथे लागायच्या खूप आधीची. या आपल्या अकाउंटंट बाई तेवढ्या तेव्हा होत्या. त्या मान डोलावतायत असं समजून मी पुढे जातो.

तेव्हाही आपला धंदा हाच, पुठ्ठ्याच्या खोक्यांचा. बुटांच्या जोड्यांची खोकी जास्त. आणि मॅनेजर होते मामा. कोणाचे मामा, ते कोणी विचारत नसे. मालकांपासून टेम्पोवाल्यापर्यंत सगळे त्यांना मामा म्हणत, आणि ज्याला सगळे मामा म्हणतात त्याला सगळे मामा बनवतातही. त्याला माणसं काय करणार, भाषेतच तशी सोय आहे. मामांचा आवाज बारीक, चाल सावकाश, खिशात चार पेनं आणि त्यातलं एकही उमटत नसे. सगळ्या नोकरीत त्यांनी कमाई म्हणावी अशी एकच गोष्ट मिळवली होती. खुर्ची. चाकांची, हातांची, पाठीला मऊ कापड असलेली. मागे खिडकी, डोक्यावर पंखा, समोर मालकांच्या केबिनचं दार. बाकी सगळी जनता स्टुलांवर. मामा त्या खुर्चीवर बसले की मॅनेजर दिसायचे. उठले की कोणाचे तरी वडील.

त्या वेळी भिंतीवर एक पांढरी डबी असायची, दोन शिंगांची. तिला राउटर म्हणतात. बाहेरून येणारं नेट ती ऑफिसातल्या सगळ्या कॉम्प्युटरांना वाटायची. एके दिवशी ती डबी तापली, तिच्या हिरव्या दिव्याचा लाल दिवा झाला आणि लाल दिव्याचं काहीच झालं नाही. तो नुसता गेला. कॉम्प्युटरचा सामानवाला आला. धंद्याच्या जागेला धंद्याचाच राउटर लागतो, असं म्हणून त्यानं एक आकडा लिहून दिला. मालकांनी आकडा वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला. आकडा हलला नव्हता.

मालकांचा पुतण्या तेव्हा नुकताच व्यवस्थापनाचं शिक्षण संपवून आला होता. मोठा हुशार मुलगा. देखणाही होता असं लोक म्हणायचे. तो म्हणाला, "काका, घेऊन टाकू. अशा गोष्टीत हात आखडून चालत नाही."

आणि मामांच्या तोंडून निघून गेलं, "कशाला? मी करतो की. फुकटात."

हे शब्द मामांचे नव्हते. ते त्यांच्या मेहुण्याचे होते. मामींचा हा धाकटा भाऊ कॉम्प्युटर दुरुस्त करतो असं सांगायचा. ज्यांनी त्याच्याकडे दुरुस्तीला दिले ते वेगळं सांगायचे. आदल्या संध्याकाळी तो फोनवर म्हणाला होता, "भावजी, राउटर विकत घेतात ते अडाणी. कुठलाही जुना कॉम्प्युटर उचला, त्यात ओपन सोर्सची ती फुकटची सिस्टीम घाला, झाला राउटर. मोठमोठ्या कंपन्या हेच करतात." खरं तर बोलत होता तो बरोबर. बरोबर बोलणारा मेहुणा किती घातक असतो ते मामांना अजून कळायचं होतं.

"मामा, आणि नाही जमलं तर?" पुतण्यानं विचारलं. सहज हं. निव्वळ माहितीसाठी.

"नाही जमलं तर ही खुर्ची तुला दिली!" मामा म्हणाले, आणि हसले. त्यांना वाटलं बाकीचेही हसतील.

केबिनच्या दारातून मालकांचा आवाज आला. "ठरलं."

मालक फार कमी बोलायचे. म्हणून त्यांचा शब्द कोणी वाया जाऊ देत नसे.

मामांनी अडगळीतून एक जुना कॉम्प्युटर काढला. तो बरीच वर्षं खळीच्या डब्यांखाली पाट म्हणून कामाला होता. रविवारी तो घरी नेऊन त्यांनी जेवणाच्या टेबलावर मांडला आणि मेहुण्याला फोन लावला. मामी पलीकडे भाजी निवडत होत्या. "रविवारी लोकांचे नवरे बायकोला बाहेर नेतात," त्या म्हणाल्या. "आमचे बाहेरचं लोखंड घरात आणतात."

मेहुण्यानं फोनवर सांगितलं ते सगळं मामांनी केलं. पेनड्राइव्ह लावला, बटणं दाबली, 'मान्य आहे' असं जिथे जिथे विचारलं तिथे तिथे मान्य केलं. शेवटी मामांनी विचारलं, "पण हे ओपन ओपन म्हणतोस ते नेमकं काय?"

मेहुणा घाईत होता. "भावजी, ओपन म्हणजे उघडा! आत काय चाललंय ते कोणीही बघावं. झाकून ठेवायचं नाही, हाच तर मुद्दा आहे. झाकलं की संपलं!"

मामा शब्दाला जागणारे. त्यांनी स्क्रूड्रायव्हर घेतला आणि कॉम्प्युटरचं झाकण काढून बाजूला ठेवलं.

जेवणाच्या टेबलावर असं उघडं यंत्र पडलं की शेजाऱ्यांना ते भिंतीपलीकडून दिसतं. आधी आले खालच्या मजल्यावरचे, वीज खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी हात पाठीमागे बांधले, यंत्राभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "अर्थिंग?" एवढंच. आमच्या वेळी माणसं अर्थिंग बघून मुलगी द्यायची, असा त्यांचा चेहरा होता. मग आले वरचे वकील. त्यांनी स्क्रीनवरचा बारीक मजकूर चष्म्याशिवाय वाचला आणि दचकले. "अहो, इथे स्वच्छ लिहिलंय, कसलीही हमी नाही! उद्या यानं तुमचं घर जाळलं तरी कोणी जबाबदार नाही. आणि हे तुम्ही मान्य केलंत?"

"पुष्कळदा केलं," मामा खोल गेलेल्या आवाजात म्हणाले.

समोरच्या काकू चहाचा कप घेऊनच आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "माझ्या भाच्याकडेही हाच ओपन आहे. पण त्याच्यावर झाकण असतं बाई."

"मग तो पूर्ण ओपन नसेल," मामा म्हणाले.

मामींनी निवडलेल्या देठांचा ढीग उचलला आणि जाता जाता एवढंच बोलल्या, "उघड्यापाशी नागडं गेलं आणि रात्रभर हिवानं मेलं." म्हणीतलं उघडं कोण आणि नागडं कोण हे त्यांनी सांगितलं नाही. मामांनी विचारलंही नाही. संसारात काही प्रश्न झाकलेलेच बरे.

एवढ्यावर भागलं असतं, पण लाइनवर नवं यंत्र लावायचं तर लाइन देणाऱ्या कंपनीच्या कचेरीत अर्ज द्यावा लागायचा. मामा गेले. तीन खिडक्या, त्यातली चालू एक, आणि त्या चालू खिडकीमागचा माणूस डबा खाऊन नुकताच सुस्तावलेला.

"राउटर कुठल्या कंपनीचा?"

"कुठल्याच नाही. सगळ्यांचा आहे."

"सगळ्यांचा म्हणजे? मालक कोण?"

"मालक कोणी नाही. ज्याला हवा त्यानं घ्यावा."

त्या माणसानं मान वर केली. "कुठे होता?"

"आमच्या अडगळीत."

"काका, खरं सांगा. चोरीचा आहे का?"

"अहो, माणसं जगभर बसून तो लिहितात! पैसे न घेता!"

"पैसे न घेता माणसं काम करतात," तो माणूस हळूच म्हणाला, "मग तुम्ही इथे कशाला आलात? त्यांच्याकडेच जा की." त्याच्या आवाजात मत्सर नव्हता. सुट्टी न मिळालेल्या माणसाचा थकवा होता. मामांना तो ओळखीचा वाटला.

शेवटी तो म्हणाला की रकाना रिकामा सोडला तर कॉम्प्युटर अर्ज घेतच नाही, काहीतरी लिहा. मामांनी कंपनीच्या रकान्यात 'उघडा' लिहिलं. मॉडेल काय लिहायचं, यावर दोघांनी बराच विचार केला. मागे रांग वाढली होती. पाठीमागचा कोणीतरी ओरडला, "अहो, लिहा नागडा आणि सुटा!" मामांनी तेही लिहिलं. त्यावर शिक्का बसला. सरकारी नसला तरी शिक्का तो शिक्काच.

ऑफिसात यंत्र कुठे ठेवायचं हा पुढचा पेच. मामांनी ते कपाटावर ठेवलं, उघडं. कपाटाशेजारी पुठ्ठा कापायचं मशीन, दिवसभर त्याची बारीक भुकटी उडते. झाकावं तर ओपन राहत नाही, उघडं ठेवावं तर पुठ्ठ्यानं भरतं. मामांनी मध्यम मार्ग काढला. आपल्याच कारखान्यातून मोजून एक खोकं करून घेतलं, चारी बाजू बंद, वर आभाळ मोकळं. त्यात यंत्र ठेवलं. भुकटी अर्थातच वरूनच यायची.

यंत्राला मागे दोन भोकं होती, वायरी खोचायला. एक बाहेरच्या लाइनची, एक ऑफिसची. मामांनी कात्रीनं चिठ्ठ्या कापल्या, अक्षर घोटून एकीवर 'आत' लिहिलं, दुसरीवर 'बाहेर', आणि भोकांवर चिकटवल्या. कारखान्याचा प्रिंटरही थेट त्याच यंत्राला जोडला, म्हणजे सगळं एका जागी. मग बटण दाबलं.

आणि चाललं की हो! तेच तर तुमचा विश्वास न बसण्यासारखं आहे. नेट इतकं सुसाट सुटलं की अकाउंटंट बाई खुर्चीवरून ओरडल्या... स्टुलावरून, स्टुलावरून... "मामा, चाललं हो!" मामा त्या दिवशी जरा जोरात चालले. मशीनवाल्यानं त्यांना नमस्कार केला. टेम्पोवाल्यानं विचारलं, माझ्या टेम्पोलाही असलं काही बसवता येईल का. मालकांनी दारातून डोकं काढून यंत्राकडे पाहिलं आणि आत घेतलं, ही त्यांच्याकडून मिळालेली शाबासकी होती. मामा खुर्चीवर बसले आणि तिच्या हातांवरून असा हात फिरवला, जसा माणूस परत मिळालेल्या वस्तूवरून फिरवतो. म्हणजे त्यांना भीती वाटली होती. रोज रात्री वाटत होती. मामांच्या मनातलं मला कसं कळलं हे विचारू नका, गोष्ट बिघडते.

पण भुकटी आपलं काम करत होती. हळूहळू यंत्र खोकायला लागलं. म्हणजे त्याचा पंखा खरोखर खोकायचा, खसक खसक, म्हाताऱ्यासारखा. एका सकाळी मामांनी वायरी काढल्या, यंत्र खाली आणलं आणि सायकलच्या पंपानं त्यात फुंकर मारली. जी भुकटी उडाली ती मामांच्या केसांवर, भुवयांवर, चारी पेनांवर बसली. यंत्र परत कपाटावर ठेवून ते तोंड धुवायला गेले. तेवढ्यात कोणीतरी, मदत म्हणून, वायरी परत खोचून टाकल्या. कोणी, ते महत्त्वाचं नाही.

चूक कोणाचीच नव्हती, चूक भाषेची होती. आता 'आत' म्हणजे काय, तुम्हीच सांगा. मामांच्या मनात सरळ होतं, जी वायर ऑफिसच्या आत जाते ती 'आत'. पण खोचणाऱ्यानं विचार केला, आणि तो विचार मूर्खपणाचा मुळीच नव्हता, की जिच्यातून नेट आत येतं ती 'आत'. 'आत'मध्ये बाहेरची वायर गेली आणि 'बाहेर'मध्ये आतली. आमचं नेट ठार. आणि मामांचा तो यंत्राचा डबा तोंड गल्लीकडे करून बसला.

राउटर प्रत्येक कॉम्प्युटरला एक पत्ता वाटतो, घरनंबर दिल्यासारखा. आमच्या डब्यानं तो वाटायला सुरुवात केली, पण आम्हाला नाही, गल्लीला. एकाच लाइनीवरची सगळी दुकानं! ज्या कॉम्प्युटरनं म्हणून विचारलं 'मी कोण?', त्याला डब्यानं सांगितलं, 'तू आमच्यातलाच'. उघडाच स्वभाव तो. मग लोकांनी आपापल्या दुकानात छापायचं बटण दाबलं की कागद निघायचा आमच्या प्रिंटरमधून. शिंप्याची मापं आली. प्रवासी कंपनीची तिकिटं आली. शिकवणीच्या सरांची परीक्षेची प्रश्नपत्रिका आली, आणि ती कशी कुणास ठाऊक बाहेर फुटली, तर थोड्याच वेळात आमच्या दारात विद्यार्थ्यांची रांग. "काका, उत्तरंपण छापता का?"

मामा फोनवर होते. मेहुणा उचलत नव्हता. त्या दिवशी जोड्यांच्या कारखान्याची मोठी ऑर्डर छापायची होती. त्यांच्या खोक्यावरचं नवं चित्र येणार, ते तपासून छपाईला द्यायचं. मशीनवाला प्रिंटरमधून निघालेला एक कागद घेऊन मामांकडे आला.

"मामा, हेच छापायचं?"

मामांच्या एका कानाला फोन, दुसऱ्या कानाशी शिंपी ओरडत होता. केसांत भुकटी. दमलेल्या माणसानं करू नये ती चूक त्यांनी केली. त्यांनी कागदाकडे बघितलं नाही. "आलंय ना प्रिंटरमधून? मग छाप बाबा."

तो कागद पलीकडच्या दाताच्या डॉक्टरांचा होता. उपचारापूर्वीचे दात, उपचारानंतरचे दात. मोठ्ठे. रंगीत.

दुपारपर्यंत कारखान्यात जबड्यांचा डोंगर झाला होता. जिकडे पाहावं तिकडे खोकी, आणि प्रत्येक खोकं दात विचकतंय. डॉक्टर आले ते ढिगासमोर थिजूनच उभे राहिले. "हे माझ्या पेशंटचे दात आहेत!" ते किंचाळले. अकाउंटंट बाई म्हणाल्या, "डॉक्टर, दाखवायचे हे, मग खायचे कुठे ठेवलेत?" त्याच वेळी लाइन कंपनीचा तपासनीस आला. सगळ्या गल्लीचं नेट एका डब्यातून चाललंय, तो डबा आधी बंद करा, म्हणाला. मग त्यानं अर्ज उघडला. कंपनी, उघडा. मॉडेल, नागडा. त्यानं कागद उलटा करून मागची बाजूही पाहिली. "या नावाचं यंत्र बंद करायचा हुकूम माझ्याकडे नाही," तो शेवटी म्हणाला, आणि चहा मागितला.

आणि या सगळ्यात, दारात जोड्यांच्या कारखान्याचे खरेदीवाले साहेब येऊन उभे राहिले. आपला माल बघायला.

फक्त कपाटावरचा पंखा खसकत होता. मालक केबिनमधून बाहेर आले. त्यांनी खोकी पाहिली, डॉक्टर पाहिले, शिंपी, तपासनीस, पोरांची रांग, आणि शेवटी मामा. पुतण्या मामांच्या मागे उभा होता. खुर्चीच्या पाठीवर त्याचा एक हात होता. आधाराला हं.

"मामा," मालक म्हणाले, "हे काय?"

मामांनी कारणं दिली नाहीत. मेहुण्याचं नाव घेतलं नाही. वायरी कोणी खोचल्या असतील हे त्यांना कळलं होतं बहुतेक, कारण एकदा त्यांनी मागे वळून पाहिलं होतं. पण तेही ते बोलले नाहीत. "साहेब, माझं चुकलं," ते म्हणाले. "मी नवा राउटर घ्यायला पाहिजे होता. मला वाटलं, तेवढे तुमचे पैसे वाचवावेत." मग त्यांनी खुर्चीच्या दोन्ही हातांवर जोर दिला आणि उठले. दमलेला माणूस उठतो तसे, एकदम नाही, थोडे थोडे. खिशातली चारी पेनं काढून टेबलावर ठेवली.

आता पुढचं ऐका, इथेच कोणाचा विश्वास बसत नाही. खरेदीवाले साहेब ढिगापाशी गेले. एक खोकं उचललं. उलटं केलं, सुलटं केलं. आणि हसायला लागले! पोट धरून! "हसणारा जोडा!" ते म्हणाले. "अहो, असं खोकं बाजारात कोणाकडेच नाही! फाटका जोडा तोंड उघडतो, हे सगळ्यांना ठाऊक. पण नवा जोडा दात दाखवतो, तो फक्त आमचा!" तिथल्या तिथे त्यांनी दुप्पट ऑर्डर दिली. डॉक्टरांना दातांचे म्हणून काहीतरी दिलं, तेही खूष. मालकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मालकांच्या! त्यांनी मामांना खांद्याला धरून परत खुर्चीवर बसवलं, पेनं स्वतःच्या हातानं त्यांच्या खिशात घातली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "मामा, ही खुर्ची तुमची." पुतण्यानंसुद्धा टाळ्या वाजवल्या, दिलदार मुलगा तो. आणि सांगतो, त्या दिवसापासून आजतागायत मामांच्या त्या खुर्चीवर दुसरं कोणीही, कधीही बसलेलं नाही.

अकाउंटंट बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"पुतण्यासाहेब," त्या म्हणाल्या, "थापा मारायच्याच असतील तर निदान त्या खुर्चीवरून उठून तरी मारा."